गच्ची, गोडलिंब आणि भट्टीचा उजेड

ही गोष्ट साधारण दोनशे वर्षांपूर्वीची. फ्रान्समधल्या एका खेड्यात नीसेफोर निएप्स नावाचा माणूस राहायचा. त्याला उजेड धरून ठेवायचा होता. दिवा लावून खोली उजळणं सगळ्यांनाच येत होतं, पण खिडकीतून आलेला उजेड जाऊ न देता ठेवून घेणं कोणालाच जमलं नव्हतं. निएप्सनं कथलाचा पत्रा घेतला, त्यावर डांबराच्या जातीच्या एका पदार्थाचा पातळ थर दिला, पत्रा लाकडी पेटीत बसवला आणि पेटीचं भिंग खिडकीबाहेर रोखलं. त्या डांबराचा गुण असा, की ऊन लागेल तिथे ते कडक होतं आणि सावलीत मऊच राहतं. मऊ राहिलेला भाग त्यानं लव्हेंडरच्या तेलानं धुऊन काढला. पत्र्यावर जे उरलं ते होतं त्याच्या घराच्या खिडकीतून रोज दिसणारं दृश्य. एक मनोर्‍यासारखा कबुतरखाना, एक उतरतं छप्पर, एक झाड. साल १८२६ किंवा १८२७. कॅमेर्‍यानं घेतलेला, आज शिल्लक असलेला जगातला सगळ्यात जुना फोटो तो हाच.

आता त्यातली गंमत ऐका, पोरांनो. त्या फोटोत डाव्या बाजूच्या भिंतीवर ऊन आहे आणि उजव्या बाजूच्या भिंतीवरही ऊन आहे. समोरासमोरच्या भिंतींवर एकाच वेळी ऊन कसं पडेल?

"दोन सूर्य होते?" धाकटी म्हणते.

सूर्य एकच होता, पण फोटो काढायला निदान आठ तास लागले. काही अभ्यासकांच्या हिशेबानं तर अनेक दिवस. तेवढ्या वेळात सूर्य या बाजूचा त्या बाजूला गेला आणि सकाळचं ऊन नि दुपारचं ऊन एकाच पत्र्यावर साठलं. निएप्सच्या डोळ्यांना ते दृश्य तसं कधीच दिसलं नव्हतं, दिसणं शक्यच नव्हतं. रोजच्या खिडकीतून त्याच्या पेटीनं असं काही पाहिलं, जे त्या घरात जन्म काढलेल्या माणसानंही पाहिलेलं नव्हतं.

थोरल्याची तक्रार मला ठाऊक आहे. "आबा, भिलाईत फोटो काढण्यासारखं आहेच काय? चित्रकोटचा धबधबा बघायला बस्तरला जाऊ, मग काढतो." सरळ रस्ते, आकड्यांनी ओळखायचे सेक्टर, एकसारखी क्वार्टरं, मैत्रीबागेतले पांढरे वाघ एकदा टिपून झालेले, सिव्हिक सेंटरचं कारंजंही झालेलं. पण बेटा, धबधब्यापुढे तू जेमतेम अर्धा तास उभा राहशील आणि निघशील. धबधबा जे दाखवील तेवढंच घेऊन येशील. आपल्या अंगणाला तुला हवा तो प्रश्न हवा तितक्या वेळा विचारता येतो. निसर्गातली फार मोठी नवलं अशीच आहेत. ती एका भेटीत दिसत नाहीत, कारण ती जागेत नसतात. ती वेळेत पसरलेली असतात.

उद्या सकाळी दहा-साडेदहाला शेजारच्या करंजाखाली जा आणि जमिनीकडे बघा. पानांच्या सावलीत कवडसे पडलेले दिसतील. मग मला सांगा, ते गोल का आहेत? पानांमधल्या फटी काही गोल नसतात. एखादी तिरपी, एखादी त्रिकोणी, एखादी चिरलेल्या पानाची वेडीवाकडी. तरी खाली पडलेला प्रत्येक कवडसा गोल, आणि उन्हं तिरपी असली तर लांबट गोल. शहाण्या माणसांना या प्रश्नानं शेकडो वर्षं कोड्यात टाकलं होतं.

उत्तर असं, की ते फटीचे आकार नाहीतच. ती सूर्याची चित्रं आहेत. सूर्य हा आकाशातला एक ठिपका नाही, थाळी आहे. त्या थाळीचा प्रत्येक कण फटीतून आपला उजेड खाली पाठवतो. वरच्या कडेचा उजेड खालच्या बाजूला पडतो, डाव्या कडेचा उजवीकडे, आणि सगळे मिळून सूर्याची उलटी, गोल प्रतिमा तयार होते. खात्री करायची असेल तर पुठ्ठ्याला लहानसं त्रिकोणी भोक पाडा. कागदापासून बोटभर अंतरावर धरलंत तर कागदावर त्रिकोण दिसेल. गच्चीच्या कठड्यावरून खाली अंगणात उजेड पाडलात तर गोल दिसेल. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात भिंतीतल्या एका छिद्रातून गोपुराची उलटी प्रतिमा आत पडते, तीही याच नियमानं. करंजाखाली उभे असता तेव्हा तुम्ही शेकडो कॅमेर्‍यांच्या आत उभे असता.

आता कवडशाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर आणि तो आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर. म्हणजे त्याचं अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट. कवडसा आणि फट यांचं नातंही तेच. कवडसा ४ सेंटिमीटर रुंद असेल तर ती फट तिथून सुमारे ४ मीटर ३२ सेंटिमीटरवर आहे. झाडावर न चढता, दोरी न लावता फांदीचं अंतर मिळालं! लांबट कवडसा असेल तर त्याची आखूड बाजू मोजायची, हे विसरू नका. सूर्याकडे मात्र थेट बघायचं नाही, डोळ्यांनीही नाही आणि कॅमेर्‍यातूनही नाही. त्याचं चित्र जमिनीवर मिळत असताना ती गरजच नाही.

२१ मे २०३१ ही तारीख वहीत लिहून ठेवा. त्या दिवशी केरळ-तमिळनाडूकडे कंकणाकृती सूर्यग्रहण आहे आणि आपल्याकडे खंडग्रास. मे महिन्यातलं स्वच्छ ऊन असलं तर करंजाखालचा प्रत्येक कवडसा कोरीच्या आकाराचा होईल, सगळी जमीन चंद्रकोरींनी भरून जाईल. लोक काळे चष्मे शोधत असतील तेव्हा तुम्ही झाडाखाली खाली मान घालून फोटो काढत असाल.

मे महिन्याचंच आणखी एक नवल आपल्या भिलाईला मिळालेलं आहे. ते दिल्लीला नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे. आपण त्याच्या खाली, २१ अंशांच्या जरा पुढे. म्हणून वर्षातून दोनदा सूर्य भिलाईच्या अगदी डोक्यावर येतो. एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात, आणि परत फिरताना जुलैच्या मध्यावर. जुलैत बहुधा ढग असतात, म्हणून मे धरायचा. त्या दुपारी गच्चीवर एक सरळ बाटली उभी करा आणि अकरा वाजल्यापासून दर दहा मिनिटांनी, एकाच जागेवरून, फोटो घ्या. सावली आखडत जाते, आखडत जाते आणि बाटलीच्या बुडाखाली शिरून नाहीशी होते. नंतर दुसर्‍या बाजूनं बाहेर येते.

ही सावली नाहीशी होते किती वाजता? आपल्याकडे बारा वाजून एक-दोन मिनिटांनी. मुंबईतल्या तुमच्या मामाला त्याच्या शून्य सावलीच्या दिवशी बारा पस्तीसपर्यंत थांबावं लागतं. घड्याळ दोघांचं एकच, सूर्य मात्र वेगळा चालतो असं वाटेल. खरं कारण असं, की सगळ्या भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे. ही रेषा छत्तीसगडमधून जाते, आपल्या पूर्वेला थोड्याच अंतरावरून. त्यामुळे भिलाईचं घड्याळ आणि भिलाईचा सूर्य यांच्यात फार कमी फरक पडतो. मुंबई कितीतरी पश्चिमेला. लहानपणी भूगोलात मी रेखांश पाठ केले होते, पण ते समजले ते असल्या एका बाटलीच्या सावलीनं. म्हणून सांगतो, हे चुकवू नका.

आणि सकाळी लवकर उठायची तयारी असेल तर वर्षभराचं एक काम देतो. टाउनशिपमधल्या बर्‍याच गच्च्यांवरून पूर्वेला पोलादाच्या कारखान्याच्या, म्हणजे आपल्या प्लांटच्या, चिमण्या दिसतात. गच्चीवर खडूनं दोन पावलांची खूण करा आणि महिन्यातून एकदा त्याच खुणेवर उभं राहून उगवतीचा फोटो घ्या. सूर्य पूर्वेला उगवतो असं पुस्तकात असतं, पण ते वर्षातल्या दोनच दिवसांना नेमकं लागू पडतं. जूनमध्ये तो पूर्वेपासून उत्तरेकडे पंचवीस अंश सरकलेला असतो आणि डिसेंबरात दक्षिणेकडे तेवढाच. हात ताठ लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. म्हणजे वर्षभरात पाच मुठींचा प्रवास, एका चिमणीवरून दुसरीवर. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये तो केवढा धावतो आणि जून-डिसेंबरात कसा जागच्या जागी थबकतो, हे बारा फोटो एकाखाली एक लावल्यावर दिसेल. उत्तरायण आणि दक्षिणायन पंचांगात वाचलंत, आता ते आपल्या गच्चीवरून बघा.

आता सूर्य पुरे. स्वयंपाकघराच्या मागे चला, आजीच्या गोडलिंबाजवळ.

त्याआधी मला आपल्या नाशिककडच्या एका माणसाची आठवण सांगायची आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी १९१३ मध्ये लोकांपुढे आणला, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. त्याच्या आधीची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. सिनेमा काढायचा तर पैसा लागतो, आणि पैसेवाल्यांना आधी काहीतरी दाखवावं लागतं. फाळक्यांनी काय दाखवलं असेल? राजवाडा नाही, मिरवणूक नाही. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा कुंडीसमोर रोखला आणि महिन्याहून अधिक काळ त्या वाटाण्याची वाढ टिपत राहिले. दाणा फुटला, कोंब वर आला, वेल झाली, शेंगा लागल्या. पडद्यावर हे सगळं मिनिटभरात घडलं. 'अंकुराची वाढ' असं त्याचं नाव. ज्यांनी आयुष्यभर वाटाणे सोलले होते त्या माणसांनी वाटाण्याला चालताना पाहिलं, आणि पैसा उभा राहिला. भारतीय सिनेमाच्या पायात एक कुंडी आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तेच आता गोडलिंबावर करू. गोडलिंब, लिंबू, बेल ही सगळी एकाच कुळातली झाडं. काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके असलेलं एक फुलपाखरू त्यांच्याभोवती घिरट्या घालतं, पानावर क्षणभर टेकतं आणि उठतं. ते मध शोधत नसतं. ती आई असते, अंडी घालायला जागा बघत असते. पान बरोबर आहे की नाही हे ती पायांनी चाखते. हो, फुलपाखरांना पायांनी चव कळते. पान पसंत पडलं की कोवळ्या शेंड्याला एक फिकट पिवळं, मोहरीपेक्षाही बारीक अंडं चिकटवते. त्या अंड्याचा फोटो फोननं नीट येणार नाही, म्हणून फोनच्या भिंगापुढे माझं वाचायचं भिंग धरा.

नंतर रोज एकच फोटो घ्यायचा, एकाच वेळी, एकाच अंतरावरून. अळी बाहेर येते ती तपकिरी काळी, मधोमध पांढरा डाग. पहिल्या काही दिवसांचे फोटो बघून तुम्ही म्हणाल की पानावर पाखराची शीट पडली आहे. चिमण्यांना नि बुलबुलांनाही तसंच वाटतं, आणि शीट कोण खाणार? पण अळी वाढते. एवढी मोठी शीट कोणत्याच पाखराची नसते, तेव्हा ते सोंग चालणार नाही. मग एके दिवशी ती कात टाकते आणि बाहेर येते ती हिरवीगार, पानाच्या रंगाची. तरीही कोणी छेडलं, तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे बघायला तिला मुद्दाम टोचायचं नाही. एखादी मुंगी किंवा गांधीलमाशी ते काम करते, तुम्ही फक्त फोन तयार ठेवायचा.

एक दिवस अळी खाणं थांबवते, इकडेतिकडे हिंडते, काडीला रेशमाच्या धाग्यानं स्वतःला बांधून घेते आणि तिचा कोष होतो. इथे सगळ्यात सुंदर कोडं आहे. हिरव्या कोवळ्या फांदीवर झालेला कोष पुष्कळदा हिरवा असतो आणि जून, खरबरीत काडीवर झालेला तपकिरी. जात तीच, आई तीच. बसण्याची जागा कशी आहे, ते अळीला कळतं आणि त्याप्रमाणे कोषाचा रंग ठरतो. दोन रंगांचे दोन कोष एकाच झाडावर सापडले तर दोघांचे फोटो शेजारी ठेवा, आणि मला येऊन दाखवा.

उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेत आठ-दहा दिवसांनी बहुधा सकाळच्या वेळी कोष फाटतो. चुरगळलेले ओले पंख घेऊन फुलपाखरू बाहेर येतं, लटकून राहतं, अंगातला रस पंखांच्या शिरांत ढकलतं आणि पंख उलगडत जातात. ते उलगडणं डोळ्यांना दिसत नाही, इतकं सावकाश असतं. फोनमधलं टाइमलॅप्स लावलं की फाळक्यांच्या वाटाण्यासारखं ते दिसतं.

पण मी तुम्हाला अर्धी गोष्ट सांगणार नाही. काही कोषांतून फुलपाखरू येत नाही. कोषाला बारीक भोकं पडतात आणि इवल्या गांधीलमाश्या बाहेर येतात, कारण त्यांच्या आईनं त्या कोषात अंडी घातलेली असतात. तसं झालं तर वाईट वाटेल. वाटू दे. तो फोटो काढून टाकू नका. गोडलिंबावर जे घडलं त्याचा तोही भाग आहे, आणि असल्या माश्या नसत्या तर आजीच्या गोडलिंबाला पान उरलं नसतं.

याच ओघात एक गोष्ट जरा कडकपणे सांगतो. घरट्याचा फोटो घ्यायचा म्हणून समोरची डहाळी कधी बाजूला करायची नाही, मोडायची तर नाहीच. ती डहाळी पिलांना मेच्या उन्हापासून झाकते आणि कावळ्यापासून लपवते. आपण स्वच्छ फोटो घेऊन घरी येतो आणि मागे पिलं उघडी पडतात. असा फोटो कितीही चांगला आला तरी मला दाखवायला आणू नका.

आता रात्र. ही माझी आवडती गोष्ट आहे, कारण हिच्यात माझी सगळी नोकरी आहे.

भिलाईत रात्री गच्चीवर गेलं की प्लांटच्या बाजूचं आकाश लालसर दिसतं. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली. तेव्हापासून ही बाजू रात्री पूर्ण काळी अशी क्वचितच झाली असेल. भट्टीतून हॉट मेटल, म्हणजे वितळलेलं लोखंड, निघतं ते चौदाशे-पंधराशे अंश सेल्सियसचं. त्याचा नि स्लॅगचा, म्हणजे वितळलेल्या मळीचा, उजेड वर जातो आणि हवेतल्या धुळीवर, वाफेवर, ढगांवर पसरून परत आपल्याकडे येतो. प्लांटच्या आत फोटो काढायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण या आकाशाला कुंपण नाही.

मी रेल मिलमध्ये होतो. तिथे ब्लूम, म्हणजे पोलादाचा जाड ठोकळा, भट्टीतून बाहेर येतो तेव्हा सुमारे बाराशे अंशांवर, पिवळट नारिंगी असतो. रोलांमधून जात जात तो लांब होतो, त्याचा रूळ होतो आणि रंग उतरत जातो. नारिंगी, मग लाल, मग गडद लाल, मग काळा. आमच्यातली जुनी माणसं यंत्राकडे न बघता रंगावरून तापमान सांगायची. भट्टीत डोकावायला निळी काच असायची, तिच्यातून डोळे न दिपता आतलं दिसायचं. 'लाल उतरला' म्हणजे काय, हे माणसाच्या डोळ्यांत मुरलेलं असायचं.

आता एक नवल. काळा झालेला रूळही अतिशय गरम असतो, हात लावाल तर भाजून निघाल, पण तो उजळत नाही. उजळायला लागतो तो सुमारे ५२५ अंशांना. आणि लोखंडच नव्हे, वीट, दगड, चिनीमाती, काहीही घ्या, सगळं त्याच तापमानाच्या आसपास अंधारात लाल दिसू लागतं. हे १८४७ मध्ये जॉन विल्यम ड्रेपर यांनी दाखवून दिलं. हेच ते ड्रेपर, ज्यांनी १८४० मध्ये न्यूयॉर्कमधून चंद्राचा फोटो काढला होता. त्या काळी माणसांचे स्पष्ट फोटो दुर्मीळ, तेव्हा त्यांनी घरच्याच माणसाला, आपल्या बहिणीला, बसवून तिचाही फोटो काढला. एकाच माणसानं घरच्या बहिणीकडे, आकाशातल्या चंद्राकडे आणि तापलेल्या धातूकडे सारख्याच कुतूहलानं पाहिलं.

गरम वस्तूचा रंग तापमानावर ठरतो, आणि तुमचा फोन नेमका तिथेच गडबड करतो. तो स्वतःच ठरवतो की उजेड फार तांबडा आहे, आणि लाल आकाश करडं करून टाकतो. आपला मेंदूही तसंच करतो. मेणबत्तीच्या उजेडात कागद तुम्हाला पांढराच वाटतो, प्रत्यक्षात तो पिवळा-तांबडा असतो. म्हणून रात्री गच्चीवर फोनचं 'व्हाइट बॅलन्स' आपोआप ठेवू नका, 'डेलाइट'वर लावा, म्हणजे भर दुपारच्या उन्हाला जे पांढरं दिसतं त्यालाच पांढरं म्हण असं फोनला सांगा. मग भट्टीच्या उजेडाचा खरा रंग येईल. त्याच फोटोच्या कोपर्‍यात देवघरातल्या समईची ज्योत घेतलीत तर आणखी एक गोष्ट दिसेल. ज्योतीतले काजळीचे कण आणि भट्टीतून निघालेलं लोखंड, दोघांचा रंग जवळजवळचा, कारण दोघांचं तापमानही फार दूरचं नाही.

हिवाळ्यात, जानेवारीच्या रात्री, फोन कठड्यावर विटेला टेकवून आकाशाकडे करा. मृग नक्षत्र वर आलेलं असेल. दहा सेकंदांचा फोटो घ्या. आपल्या डोळ्यांना तारे बहुतेक पांढरेच वाटतात, कारण रंग ओळखणार्‍या शंकुपेशींना अंधारात पुरेसा उजेड मिळत नाही आणि कमी उजेडात काम करणार्‍या दंडपेशींना रंग कळत नाहीत. कॅमेरा मात्र दहा सेकंद उजेड साठवत राहतो. फोटो मोठा करून बघा. मृगातला काक्षी नारिंगी दिसेल आणि राजन्य निळसर पांढरा. मग रेल मिलमधल्या जुन्या माणसासारखं त्यांच्याकडे बघा. काक्षीचं पृष्ठभागाचं तापमान तीन हजार अंशांच्या जरा वर, आपल्या सूर्याचं साडेपाच हजार, राजन्याचं बारा हजारांच्या आसपास. तार्‍याला कोणी तापमापक लावलेला नाही. बाराशे अंशांचा ब्लूम ज्या नियमानं रंग दाखवतो त्याच नियमानं तारा दाखवतो, एवढ्यावर माणसानं आकाशातल्या भट्ट्या मोजल्या. मला हे कळलं तेव्हा नाईट शिफ्टला जाताना मी वर बघत जायचो.

"आणि पाऊस असला की?" धाकटीनं विचारलं. "गच्चीवर जाता येत नाही."

त्यालाही एक माणूस आहे. अमेरिकेत व्हरमाँट प्रांतात जेरिको नावाच्या गावी विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता. त्यानं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला आणि १५ जानेवारी १८८५ ला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हिमकणाचा पहिला फोटो काढला. पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त. सगळे आपल्याच शेतावर पडलेल्या बर्फाचे. गाईंचं दूध काढायचं आणि हिमकण टिपायचे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून त्याची दुसरी, कमी ऐकलेली गोष्ट आपल्या कामाची आहे. त्याला पावसाचा थेंब केवढा असतो ते मोजायचं होतं. थेंब हाती कसा धरणार? त्यानं थाळीत पिठाचा थर दिला आणि ती क्षणभर पावसात धरली. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी झाली. गोळ्या वाळल्यावर त्यानं मोजल्या. हे त्यानं १९०४ मध्ये छापलं.

आपण परातीत कणीक घेऊ. दोन-तीन सेकंद परात बाहेर धरायची, आत घ्यायची, गोळ्या वाळू द्यायच्या, चाळायच्या आणि पट्टीशेजारी मांडून फोटो घ्यायचा. श्रावणातल्या झिमझिम पावसाच्या आणि जूनमधल्या वळवाच्या गोळ्या शेजारी ठेवल्यात तर फरक दिसेल. पण कितीही मोठा पाऊस असला तरी पाच-सहा मिलिमीटरपेक्षा मोठी गोळी क्वचितच मिळेल. थेंब तेवढा झाला की हवेच्या दाबानं खालून चपटा होतो आणि फुटतो. चित्रात थेंब टोकदार काढतात तसा तो नसतोच. लहान असेल तर गोल, मोठा असेल तर पावासारखा, खाली सपाट.

थेंबाचा वेगही फोनवर सापडतो. अंधार्‍या भिंतीसमोर पडणारा पाऊस टिपा आणि फोटोच्या माहितीत शटरचा आकडा बघा. समजा १/१०० सेकंद लिहिलंय. तेवढ्या वेळात मोठा थेंब, सेकंदाला सुमारे नऊ मीटर पडणारा, नऊ सेंटिमीटर खाली येतो, म्हणून फोटोत थेंब न दिसता नऊ सेंटिमीटरची रेघ दिसते. मिलिमीटरभराचा थेंब सेकंदाला चारच मीटर पडतो, त्याची रेघ चार सेंटिमीटरची. शेजारी पट्टी टांगली असेल आणि रेघ पट्टीइतक्याच अंतरावरची असेल, तर लांबी मोजा, शंभरानं गुणा, वेग मिळाला. शटर १/४००० केलंत तर रेघ आटून दोन मिलिमीटर होते आणि थेंब हवेत थांबलेला सापडतो.

एक लक्षात ठेवा. पावसाच्या सुरुवातीला मोठे, जड थेंब टपटप येतात आणि बारीक मागून, कारण मोठे जोरात पडतात आणि बारीक वाटेतल्या कोरड्या हवेत पुष्कळदा वाळूनच जातात. ते पहिले थेंब काही मिनिटांतच आटोपतात. ढग भरून आला की फोन, पट्टी आणि कणकीची परात दाराशीच घेऊन बसा, सर आल्यावर शोधाशोध करू नका.